भाच्याचा परवाना नवा आहे, बासरपर्यंत गाडी त्याच्या हाती द्यावी का?

वणीकडचा

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की आम्ही घरचे सगळे तेलंगणातल्या बासरला जाणार आहोत. नातवाचा अक्षराभ्यास सरस्वतीच्या पायाशी व्हावा अशी त्याच्या आजीची फार दिवसांची इच्छा. रस्ता ठरलेला आहे: पांढरकवड्याला हायवेला लागायचं, पाटणबोरी, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, निर्मल, भैंसा आणि बासर. आजवर गाडी मीच चालवत आलो, पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं. भाचा १९ वर्षांचा आहे. पावसाळ्यात त्याचा पक्का परवाना आला, मोटारसायकल आणि कार दोन्हीचा. गावात आणि वणीपर्यंत हात चांगला आहे, हायवेवर मात्र फारसा गेलेला नाही.

विचारायचं असं की महाराष्ट्राचा नवा परवाना तेलंगणात चालतो का? नव्या ड्रायव्हरला राज्याबाहेर काही बंधन आहे का? गाडी माझ्या नावावर आहे, तर माझी चिठ्ठी लागते का? घरी एक पिकअपही आहे. कापूस आदिलाबादच्या मार्केटला न्यायचा झाला तर तीही मीच नेतो, असं भाचा म्हणतो. गावात जो तो वेगळं सांगतो, म्हणून इथे विचारतो आहे.

कोर्टरोड_यवतमाळ

दादा, आधी परवान्याचं सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे परवाना शिकाऊ असो की पक्का, तो भारतभर चालतो. पूल ओलांडल्यावर त्याची किंमत कमी होत नाही. काही देशांत नव्या चालकाला पहिली दोन-तीन वर्षं वेगळी बंधनं असतात, आपल्याकडे पक्का परवाना हातात आला की तसं काही नाही. म्हणूनच गाडी कोणाच्या हाती आणि कुठे द्यायची, हे घरच्यांनी ठरवायचं असतं.

मालकाची चिठ्ठी कायद्याने मागितलेली नाही. पण मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेणं हा गुन्हा आहे, त्यामुळे अडवलं तर तुमचा फोन लागला पाहिजे. तुम्ही गाडीतच असणार, तर तोही प्रश्न उरत नाही.

कागद चार: परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला कागद मूळ कागदासारखाच धरावा, अशी दुरुस्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली झाली. फोनच्या गॅलरीतला फोटो म्हणजे हे नव्हे. सीमेवर रेंज जाते, तेव्हा घरूनच अ‍ॅप उघडून सगळे कागद दिसतात का बघून घ्या. पीयूसी महाराष्ट्रात काढलेली असली तरी तिकडे चालते, फक्त तारीख उलटलेली नको.

आता पिकअप. पिवळ्या पाटीची असेल तर भाच्याला आत्ता देऊ नका. कलम ४ प्रमाणे कार आणि गिअरच्या मोटारसायकलला १८ वर्षं पुरतात, पण ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला २० पूर्ण लागतात. भाड्याची आणि मालाची गाडी दोन्ही त्यातच येतात.

कास्तकार_मारेगाव

ताई, सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं ना, की कारच्या परवान्यावर पिकअप चालते म्हणून? आमच्याकडे त्या निकालानंतर सगळी पोरं बिनधास्त चालवून राहिली.

कोर्टरोड_यवतमाळ

निकाल खरा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की ज्याच्याकडे एलएमव्हीचा, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा, परवाना आहे, त्याला ७५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. पण वयाची अट त्या निकालाने काढलेली नाही. पंचविशीतल्या मुलाला तो निकाल उपयोगी पडतो, १९ वर्षांच्या मुलाला नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी चालकाची जन्मतारीख बघते. जखमीला पैसे देऊन तेच पैसे ती मालकाकडून वसूल करायला निघाली, तर तीस वर्षं जपलेलं शेत विकायची वेळ येते. शिवाय ज्याला चालवायचा हक्क नाही त्याच्या हाती गाडी दिली, तर कलम १८० खाली मालकावर वेगळा गुन्हा आणि १८१ खाली चालकावर वेगळा. दोन्हींना पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पाटणबोरीचा_गडी

वणीकर भाऊ, आम्ही तर पुलाच्या याच अंगाले राह्यतो. आदिलाबाद म्हणजे आमचा रोजचा बाजार. तिकडं मराठी समजते, भाषेची काई चिंता करू नका. नाक्यावर जास्त करून मालाच्या गाड्या थांबवतात. घरच्या कारले कागद बरोबर असले तं कोणी काई म्हणत नाई.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम राह्यते. पिकअपमध्ये कापूस असा भरतात का तो दोन्ही बाजूनं बाहेर येते, वरून ताडपत्री बांधतात अन् मागचा लाल लाइट त्या ताडपत्रीच्या खाली दबून जाते. अंधारात मागून येणाऱ्याले गाडी दिसतच नाई, जवळ गेल्यावर एकदम समोर पांढरी भिंत उभी राह्यते. बैलबंडी तं बिनालाइटचीच असते. नवीन पोट्ट्याले हे रात्रीचं काम देऊ नका. सकाळी उजाडल्यावर निघा अन् परतीले दिवस मावळायच्या आत पूल पार करा.

मोटारमास्तर_हिंगणघाट

गड्याने लाखमोलाचं सांगितलं. माझं आयुष्य पोरांना गाडी शिकवण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मुलगा परवाना कसा मिळवतो ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, बाजूला ब्रेकवर पाय ठेवून बसलेला मास्तर. टेस्टला आठ काढायचा आणि रिव्हर्स घ्यायचा. ८०-९० च्या वेगाने गाडी धावताना कशी वागते, हे त्याच्या पायाला ठाऊकच नसतं. त्यात पाच माणसं आणि डिक्कीभर सामान असलं की तीच गाडी थांबायला जास्त जागा घेते. म्हणून बासरच्या आधी एक काम करा. सगळ्यांना गाडीत बसवून त्याला पांढरकवडा ते करंजी असा हायवे दिवसा फिरवून आणा. रिकामी गाडी नको, भरलेलीच हवी.

वेगाचं सांगतो. केंद्राने २०१८ साली कमाल मर्यादा ठरवल्या. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १००, एक्स्प्रेसवेवर १२०, बाकी साध्या रस्त्यावर ७०. मोटारसायकलला चौपदरीवर ८० आणि साध्या रस्त्यावर ६०. राज्याला यापेक्षा कमी करता येतं, म्हणून शेवटचा शब्द रस्त्याच्या कडेच्या पाटीचा. आदिलाबाद सोडलं की चौपदरीवर लागलेली १०० ची सवय निर्मलहून भैंशाकडे वळल्यावर मोडावी लागते. नवा ड्रायव्हर चुकतो तो नेमका तिथेच, कारण तासभर वेगात चालवलं की ७० ला गाडी उभी असल्यासारखी वाटते. फाटा लागला की बाजूला बसलेल्याने त्याला मोठ्याने आठवण करून द्यायची.

निर्मलच्या अलीकडे घाट आहे. चढणाऱ्या गाडीचा मान पहिला. उतरणाऱ्याने थांबून वाट द्यायची, हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे. उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही. डिझेल वाचतं म्हणून ही सवय आपल्याकडे फार आहे, आणि तिने ब्रेक तापून जातात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

ओव्हरटेक. ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो. कुठे त्याचा अर्थ 'ये पुढे' असतो, तर कुठे तो स्वतःच उजवीकडे वळणार असतो. दोन्ही पाहिलेलं आहे. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसेपर्यंत ट्रकच्या मागेच राहायचं, कितीही वेळ लागो. घरच्यांनीही मागून 'काढ ना' म्हणायचं नाही. त्या एका शब्दाने पोरगा पाय दाबतो.

दुभाजक फोडून केलेल्या वाटांवर विशेष लक्ष असू द्या. हायवेच्या दोन्ही बाजूंना शेतं आहेत, माणसं कायदेशीर वळण शोधत दोन किलोमीटर जात नाहीत. ट्रॅक्टरचं तोंड आधी दिसतं आणि ट्रॉली आडवी बराच वेळ राहते. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल डाव्या कडेने येते, जिथे तुमची नजर नसते. बाभळीला कापसाचे पुंजके अडकलेले दिसायला लागले की समजायचं, इथून शेतातल्या गाड्या रोज हायवेवर चढतात. वेग तिथे आपणच कमी करायचा.

वणीकडचा

मास्तर, मनापासून आभार. ताई, तुमचेही. पिकअपचा विषय इथेच संपवतो, ती भाऊच नेईल. विम्याबद्दल अजून एक विचारायचं आहे. भाचा चालवत असताना आमचा विमा चालतो ना?

कोर्टरोड_यवतमाळ

चालतो. विमा गाडीचा असतो, चालकाकडे त्या वर्गाचा चालू परवाना असला म्हणजे झालं. पण पॉलिसी उघडून दोन ओळी वाचा. फक्त थर्ड पार्टी असेल तर समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, तुमच्या गाडीत बसलेल्या आजी-नातवाचं नाही. पॅकेज पॉलिसी हवी. दुसरं म्हणजे १५ लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा, म्हणजे तुमचा. भाच्याला तो लागू होत नाही, त्याच्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्याचा हप्ता फार नसतो.

सालेकसा_शाळा

वणीकर दादांची गाडी आणि माणसं जपणारी आहेत. मला इथे दुसऱ्याच पोरांबद्दल लिहायचं आहे.

आमचा भाग छत्तीसगडला लागून. नवरात्रात डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला मोटारसायकलींची रांग लागते. अठरा नुकतीच पूर्ण झालेली मुलं, तिघं तिघं एका गाडीवर, हेल्मेट एकाचंही नाही. 'आपण महाराष्ट्राचे, तिकडे कोण पकडते' असं म्हणतात. हेल्मेट कलम १२९ मध्ये आहे, तेही साऱ्या देशाचं कलम. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं, मागे बसलेल्यालाही. चार वर्षांच्या आतलं लेकरू गाडीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, लहान हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या आत हवा. हा नियम २०२३ पासून लागू आहे. आमच्याकडे पालकसभेत विचारलं तर असा पट्टा मिळतो हेच कोणाला माहीत नव्हतं. तिघं बसले तर हजार रुपये दंडाबरोबर परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. नवा परवाना तीन महिने गेला तर मुलगा त्या तीन महिन्यांत बिनापरवाना चालवतो आणि अजून मोठ्या गुन्ह्यात अडकतो.

पण माझ्या मनातलं खरं दुखणं मिरचीचं आहे. जानेवारीपासून आमच्या आणि गडचिरोलीच्या गावांतून मजूर तेलंगणात मिरची तोडाईला जातात. माझ्या वर्गातली मुलं आईबापांबरोबर जातात, पटावर नावं असतात आणि बाकं रिकामी असतात. ही माणसं पिकअपच्या मागे उभी राहून रात्रभर प्रवास करतात. गाठोडी, भांडी, लेकरं सगळं मागे. ड्रायव्हर पुष्कळदा गावातलाच, नव्या परवान्याचा पोरगा असतो, आणि रात्रीच निघतात कारण रात्री कोणी अडवत नाही असा समज आहे.

ताई, मालाच्या गाडीत बसलेल्या या माणसांचं विम्याच्या दृष्टीने काय, ते सविस्तर लिहाल का? मला ते गावात वाचून दाखवायचं आहे.

कोर्टरोड_यवतमाळ

नक्की लिहिते, आणि वाचून दाखवाच. मालाच्या गाडीत फक्त मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसू शकतो, आणि विमा त्यांच्यापुरताच आहे. आपला कापूस घेऊन निघालेला कास्तकार त्यात येतो. फुकट किंवा भाडं देऊन मागे बसलेल्या मजुरांसाठी विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलेलं आहे. म्हणजे गाडी उलटली तर मेलेल्या माणसाच्या बायकोने भरपाई मागायची कोणाकडे? मालकाकडे. मालकाची स्वतःची गाडी बँकेच्या कर्जावर. तिच्या हाती निकालाचा कागद येतो, पैसा येत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसलेल्यांचंही तेच.

ज्याला मजूर हवे आहेत त्या मुकादमाला सांगा की एसटी, रेल्वे किंवा प्रवासी परमिटची गाडी कर. भाड्यातला फरक माणशी वाटला तर मजुरीच्या मानाने तो मोठा नाही. आणि गावातल्या पोराला सांगा, 'मागे माणसं असतील तर मी चाक धरणार नाही' असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. अपघात झाला तर गुन्हा त्याच्याच नावावर लागतो.

अचलपूर_१८

नमस्कार, मी नवीन आहे. माझ्याकडे अजून लर्निंगच आहे. मित्रांसोबत मोटारसायकलने बैतुलकडे जायचं ठरतंय. वर लिहिलं आहे की लर्निंगही देशभर चालतं, म्हणजे जाऊ शकतो ना?

मोटारमास्तर_हिंगणघाट

बाळा, विचारलंस हे फार चांगलं केलंस. चालतं, पण त्याच्या अटीही त्याच्याबरोबर मध्य प्रदेशात येतात. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. मोटारसायकलवर तुझ्या मागे बसणारा फक्त शिकवणारा असू शकतो, आणि त्याच्याकडे मोटारसायकलचा पक्का परवाना हवा. दुसरा कोणीही बसला किंवा तू एकटा निघालास, तर तो शिकाऊ परवान्याचा भंग आहे. लर्निंग काढल्यापासून ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं. टेस्ट दे, मग जा. आणि गेलास तरी पहिल्या खेपेला परतवाड्याहून घाटाच्या वाटेने जाऊ नको. मोटारसायकलचा मागचा ब्रेक वळणावर दाबून घसरलेली पोरं मी फार पाहिली आहेत.

चांद्याचा_प्रवासी

दोन गोष्टी माझ्याकडून.

सीमेपलीकडून बाटल्या आणू नका. नवा परवाना, मित्रांची गाडी आणि तिकडे स्वस्त मिळते, इथून ते सुरू होतं. आमच्या चंद्रपूरची दारूबंदी २०२१ साली उठली, पण वर्धा आणि गडचिरोली अजूनही बंदीचे जिल्हे आहेत. आदिलाबादहून नागपूरला येणारा हायवे हिंगणघाट-जामवरून, म्हणजे वर्धा जिल्ह्यातूनच जातो. बाटली सापडली तर गाडी जप्त होते, आणि गाडी बहुतेक वेळा बापाच्या नावावर असते. पिऊन चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पण चाक धरणाऱ्याने थेंबही घेऊ नये, त्यात हिशेब मांडायचा नाही.

दुसरी गोष्ट ई-चलानची. तिकडच्या कॅमेऱ्याने टिपलं तर चलान त्या राज्याचं निघतं आणि मेसेज आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो. माझ्या ओळखीत एकाचा नंबर जुना होता, त्याला गाडी विकताना कळलं. दंडाची रक्कम आपल्यापेक्षा वेगळी दिसली तर घाबरू नका. कायदा एकच आहे, पण जागेवर भरायची तडजोड रक्कम कलम २०० प्रमाणे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. पैसे दिले की पावती घ्या, पावतीशिवाय एक रुपयाही नको. पोलिसांनी परवाना जमा करून घेतला तर त्याचीही लेखी पोच मागा. परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते, हे कलम २०६ मध्येच आहे. आवाज न चढवता मागितली की मिळते.

वणीकडचा

आणि देव न करो, पण परराज्यात काही झालंच तर नेमकं काय करायचं? भाच्याला मला तेच नीट सांगून ठेवायचं आहे.

कोर्टरोड_यवतमाळ

पळायचं नाही, हे पहिलं. कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबलंच पाहिजे असं कायदाही म्हणत नाही. तशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं आणि स्वतःहून सांगायचं. ११२ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो, अ‍ॅम्ब्युलन्सला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीवर ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार बिनापैशाने होतात. राज्य कुठलंही असो. दुसऱ्याच्या अपघातात मदत केली तर पोलीस किंवा दवाखाना तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाहीत, हेही मुलाला सांगा.

वणीकडचा

घरी सगळ्यांना बसवून हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं. रविवारी गाडी भरून करंजीपर्यंत जाऊन यायचं, मास्तरांनी सांगितलं तसं. बासरला सकाळी सहाला निघायचं. आदिलाबादपर्यंत भाचा चालवेल. पुढे घाट आणि भैंशाचा रस्ता माझा साळा चालवेल, त्याला आम्ही आदिलाबादहून सोबत घेतो आहोत. मुक्काम बासरलाच, रात्री परत यायचं नाही. पॅकेज पॉलिसी आहे. भाच्याच्या अपघात कव्हरसाठी एजंटला आज सांगितलं. भाच्याच्या आईने एवढंच विचारलं, की फोनवर रस्ता बघत चालवलं तर चालतं का?

मोटारमास्तर_हिंगणघाट

रस्ता बघायला फोन वापरता येतो, नियमांत तशी मुभा आहे. पण तो काचेजवळ स्टँडवर लावलेला हवा, हातात नको, आणि गाडी सुरू व्हायच्या आधी पत्ता टाकलेला हवा. वाटेत बदलायचा असेल तर मागे बसलेल्याने बदलावा. टायरची हवा भरल्या गाडीच्या हिशोबाने भरून घ्या, दाराच्या कडेला तो आकडा लिहिलेला असतो.